जुनी जीप अजून चालते ती कुणाच्या जिवावर?



आज पीकपाण्याचं नाही, गाडीचं लिहितो. पण शेवटी विषय शेतातच येऊन थांबतोय, त्यामुळं वाचा.

पाटण, जावळी, खानापूर, आटपाडी, जत, कुठल्याही बाजाराच्या गावात तासभर थांबा. एमएच-11 नाहीतर एमएच-10 नंबरची एखादी जुनी महिंद्रा जीप दिसतेच. मागं दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, नाहीतर मोटर जळाली म्हणून रिवाइंडिंगला निघालेला पंप. कंपनीनं ते मॉडेल बंद करून जमाना झाला. शोरूममध्ये तिचं नाव काढलं तर नवीन पोरगं तोंडाकडं बघतं. तरी गाडी चालतीय. कशी?

लोक म्हणतात, जुना माल मजबूत होता. ते अर्धंच खरं. मजबूत लोखंडसुद्धा झिजतं. माझ्या मते खरं कारण दुसरं आहे. ही गाडी खोलून मोजता येते, आणि मोजलेलं परत करून देणारे हात आपल्या भागात गाडी यायच्या आधीपासून तयार होते. ते हात कुठून आले आणि आता कुठं चाललेत, ते सांगायचंय.

गाडीचा जन्म

जीप अमेरिकेच्या सैन्यासाठी 1940-41 साली तयार झाली. युद्धात एका कारखान्याला मागणी पुरी करणं शक्य नव्हतं. म्हणून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नकाशावर ती बनवली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा झाल्या. यातली महत्त्वाची गोष्ट संख्या नाही. एका कंपनीच्या गाडीचा पार्ट दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसला पाहिजे, ही अट होती. रणांगणात कंपनीचा मेकॅनिक येत नाही. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती करता आली पाहिजे, अशा हिशेबानं ती जुळवलेली होती.

युद्ध संपल्यावर विलीजनं 1945 साली नागरी जीप काढली आणि ती विकायला पहिल्यांदा शेतकऱ्याकडंच गेली. नांगर ओढेल, पीटीओवर यंत्र फिरवेल आणि बाजारालाही नेईल, अशी तिची जाहिरात होती. म्हणजे जीप फौजेतून सुटली ती थेट रानात आली.

त्याच 1945 साली आपल्याकडं महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 ला कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 1940 च्या दशकाच्या शेवटाला मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या निघायला लागल्या. पुढं पार्टही इथंच व्हायला लागले.

नंतर आली सीजे-3बी. तिला आपल्याकडं हाय बॉनेट म्हणतात. नव्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल 1953 ला सुरू झालं आणि 1968 ला बंद पडलं. आपल्याकडं मात्र त्याच वंशाच्या गाड्या पुढं कित्येक वर्षं बनत राहिल्या. त्यामुळं अमेरिकेत जे पार्ट पुराणवस्तू झाले, ते आपल्याकडं ऑटो स्पेअरच्या दुकानात खोक्यात पडलेले असायचे. गंमत बघा, याच घराण्यातली रॉक्सर महिंद्रानं 2018 साली अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा ती आमच्या जीपसारखी दिसते म्हणून जीपच्या मालक कंपनीनं तिच्यावर तक्रार केली. शेवटी रॉक्सरला चेहरा बदलावा लागला.

हात आधीच तयार होते

1949 पर्यंत सातारा आणि सांगली हा एकच जिल्हा होता. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. या पट्ट्यात लोखंडाचं काम जीपच्या कितीतरी आधीचं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बेळगावला सुरू केला आणि 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 साली कारखाना काढला. तिथं नांगर झाले आणि 1930 च्या दशकात डिझेल इंजिनं व्हायला लागली. हे कूपर म्हणजे 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले तेच. या दोन कारखान्यांनी नुसते नांगर विकले नाहीत. साचा करणारा, बीड ओतणारा, लेथवर कातणारा, फाइल मारून जुळवणारा कामगार त्यांनी या मातीत तयार केला. नांगराचा फाळ झिजला, बोल्ट तुटला की गावातच इलाज करायची सवय लागली.

मग विहिरीवर इंजिन आलं. आमच्याकडं त्याला ‘इंजान’च म्हणायचे. हंगामात इंजान बंद पडलं तर पीक वाळणार, कंपनीच्या माणसाची वाट बघायला वेळ नाही. रिंगा बदलणं, व्हॉल्व्ह घासणं, नोझल साफ करणं, बोअर करून आणणं, हे सगळं गावचा फिटर शिकला. शिवाय सातारा हा फौजी जिल्हा. सैन्यात गाड्यांचं काम शिकून पेन्शनवर आलेली माणसं गावोगाव आली.

तेव्हा जीप जेव्हा बीडीओच्या, साखर कारखान्याच्या आणि नंतर लिलावातून शेतकऱ्याच्या दारात आली, तेव्हा तिला बघून कुणी बिचकलं नाही. विहिरीवरच्या इंजिनाला चार चाकं लागलीत, एवढंच.

पहिला मोठा बदल: पेट्रोल काढून डिझेल

मूळ जीप पेट्रोलची, 2.2 लिटरची. 1973 साली जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप पोसणं अवघड झालं. तेव्हापासून इंजिन बदलायची लाट आली. महिंद्राकडंही डिझेल आलं ते ट्रॅक्टरच्या गोतावळ्यातून. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 साली ट्रॅक्टरची कंपनी निघाली होती, त्यांचा बी-275 आपल्या जुन्या लोकांना माहीत असेल. त्याच घराण्याचं 2350 सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसलं. पुढं 1980 च्या दशकात प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल आलं, एक्सडीपी 4.90. या नावातच माप आहे, चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर.

इंजिन बदलणं म्हणजे एक उचललं, दुसरं ठेवलं, असं नसतंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जाड लोखंडाची अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. तिचं भोक मधोमध नसेल तर गिअरबॉक्सची बेअरिंग महिन्यात ओरडायला लागते. डिझेल जड असतं, म्हणून पुढचे कमानपाटे वाढवावे लागतात. डिझेल पेट्रोलएवढे फेरे घेत नाही, त्यामुळं जुन्या गिअरिंगवर गाडी चढाला जोरात पण रस्त्याला हळू होते. आणि डिझेलचा धक्का जुन्या तीन गिअरच्या टी-90 गिअरबॉक्सला आणि मागच्या साफ्टिंगला सोसला पाहिजे. ज्यांनी इंजिन बदललं आणि बाकी तसंच ठेवलं, त्यांची साफ्टिंग घाटात तुटली. जाणता मिस्त्री आधी मागचं हौजिंग खोलून बघायचा, मग इंजिनाला हात लावायचा.

1990 च्या आसपास कमांडर, ट्रॅक्स या लांब गाड्या आल्या आणि वडापाचा जमाना सुरू झाला. एसटी जिथं दिवसातून एक-दोनदा जायची तिथं वडाप दिवसभर जायचं. नऊ माणसांच्या गाडीत किती बसायची ते तुम्हाला मी सांगायला नको. हे बेकायदेशीर होतं, धोक्याचंही होतं. पण त्या रोजच्या ओझ्यानं गावोगावच्या गॅरेजांना इतकं काम दिलं की एक अख्खी पिढी जीपवर तयार झाली. किंगपिन, शॅकल बुश, क्राऊन-पिनियन हे शब्द पोरांना शाळेत असतानाच पाठ.

पार्ट संपतो म्हणजे काय होतं

पार्ट एका दिवसात संपत नाही. आधी कंपनीचा माल संपतो, दुसऱ्या कंपनीचा मिळतो. मग त्याचा दर्जा घसरतो. मग फक्त भंगारातला मिळतो. शेवटी भंगारातलाही झिजलेलाच मिळतो. आपण आता तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये आहोत.

दुसरी अडचण मापाची. जीपचा मूळ सांगाडा इंचात आहे, नटबोल्टचे आटे इंची. भारतानं 1956 चा कायदा करून मेट्रिक मापं आणली, प्यूजोचं इंजिन तर पूर्ण मेट्रिकच. त्यामुळं एका गाडीला पान्यांचे दोन सेट लागतात. घाईत इंची भोकात मेट्रिक बोल्ट कोंबला की आटे गेलेच. जुन्या जीपांची निम्मी खडखड अशा कोंबलेल्या बोल्टांची असते.

तिसरी गोष्ट हवामान. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला आटपाडी-जतकडं 500 च्या आसपास. जावळी-पाटणची जीप गंजानं मरते. चासी आतून सडते आणि वरून रंग झकास दिसतो. हातोडीनं ठोकून आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. माणदेशाकडची जीप धुळीनं मरते. जुन्या एअर क्लीनरमध्ये तळाला ऑइल असतं, धूळ त्यात बसते. ते ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीच धूळ पिस्टनच्या रिंगा खाते. गाडी घेताना ती कुठल्या बाजूची आहे ते आधी विचारा, निम्मी तपासणी तिथंच होते.

जोंगाचा धडा

जीपसारखीच दुसरी गाडी म्हणजे जोंगा. निसानच्या नकाशावर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1969 ते 1999 बनली. चार लिटरच्या जवळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद अफाट, तेल प्यायची तशीच. लष्करानं लिलावात काढल्या तेव्हा हौसेनं घेतल्या गेल्या. पण बाजारात तिला भावंडं नव्हती. जीपचा पार्ट ट्रॅक्टरवाला, वडापवाला, सरकारी खातं सगळ्यांनाच लागायचा, म्हणून दुकानदार ठेवायचा. जोंगाचा पार्ट फक्त जोंगावाल्याला. म्हणून बऱ्याच जोंगांत दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन आलं, कित्येक झाडाखाली उभ्या राहून गेल्या. गाडी किती दणकट यापेक्षा तिची भावकी किती मोठी, यावर तिचं आयुष्य ठरतं.

काय करून घ्यावं, काय घेऊ नये

आता कामाचं. आपल्या भागातला चांगला लेथवाला बरंच करून देतो. पण सगळंच लेथवर होत नाही, आणि इथंच जीव जायची भीती आहे.

बुश, पिना, स्पेसर, पुल्या, पाट्यांचे यू-बोल्ट हे बिनधास्त करून घ्या. बिडाचं हौजिंग तडकलं तर तेही सांधता येतं. पण बीड आधी सगळीकडून तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, आणि नंतर हळूहळू गार करावं लागतं. साध्या रॉडनं घाईत मारलेलं वेल्डिंग शेजारी नवीन तडा पाडतं.

साफ्टिंग करायची तर लोखंड कुठलं वापरणार ते विचारा. साधं माइल्ड स्टील मापात अगदी बरोबर बसतं आणि पहिल्या चढाला पिळवटतं. ईएन-24 सारखं पोलाद आणि त्यावर हीट ट्रीटमेंट पाहिजे. गिअरचं त्याहून अवघड. दात कापणं सोपं, पण वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट ठेवणं ही भट्टीची विद्या आहे. ती केली नसेल तर नवा गिअर थोड्याच दिवसांत लोण्यासारखा झिजतो.

बेअरिंग आणि ऑइल सील जीपचं नाव सांगून मागू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. पुढच्या चाकाची टेपर बेअरिंग 18590 आणि तिची कप 18520 या नंबरानं जगात कुठंही मिळते, कारण ती फक्त जीपलाच लागत नाही. सीलचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी मोजून न्या.

आणि हे मात्र कधीच करू नका. स्टेअरिंगचा ड्रॉप आर्म, टाय रॉड यांना वेल्डिंग नको. ब्रेकचा मास्टर सिलिंडर घासून चालवू नका. जुन्या जीपला एकच ब्रेक लाइन असते. एका चाकाचं रबर फुटलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पसरणीच्या नाहीतर कुंभार्लीच्या उतारावर हे कळलं तर उशीर झालेला असतो.

कायद्याची बाजू

पूर्वी गाडीला काय वाटेल ते जोडलं तरी चालून जायचं. आता तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या गोष्टींत परस्पर बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची, गाडी जोडून झाल्यावर नाही. आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर वेगळा निघाला तर अपघातानंतर विमा हात वर करू शकतो.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. एप्रिल 2022 ला नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 रुपये झाली, आणि नियम अजूनही बदलतायत. तेव्हा खर्च करायच्या आधी आरटीओत चौकशी करा. 2021 साली 50 वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळायला लागली. पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या कामाची ती सोय नाही, संग्राहकाची आहे.

या नियमांना नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. जुनं डिझेल धूर ओकतं, जीपला एअरबॅग नाही, पलटी झाली तर वर कापडाचं हूड. हेही खरं. पण ज्या वस्तीला अजून धड रस्ता नाही, तिथल्या माणसाला जुनी गाडी बंद करून नवी चार-चाकी ओढणारी घ्यायला किती लाख लागतात, हेही तितकंच खरं.

देवराष्ट्रेची गोष्ट आणि पुढं काय

यशवंतराव चव्हाणांचा जन्म ज्या देवराष्ट्रे गावात झाला, तिथल्याच एका लोहारकाम करणाऱ्या कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, खर्च साठेक हजार रुपये. डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी ती गाडी बघून आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. ही गाडी नियमात बसत नाही, हेही त्यांनी सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये बोलेरो त्या घरात आली.

सगळ्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच पाहिजेत. पण बातम्यांनी त्याला जुगाड म्हटलं. मला ते नाव अपुरं वाटतं. शंभर वर्षं ज्या पट्ट्यात नांगर ओतला गेला, इंजिन जोडलं गेलं, तिथल्या हाताची ती विद्या आहे. फक्त तिला कागद नाही, सर्टिफिकेट नाही.

ही विद्या आता आटत चाललीय. एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यांचा सेन्सर गेला तर लेथवाला काय करणार? पोरं लॅपटॉप जोडून गाडी तपासायला शिकतायत, त्यात वाईट काही नाही. पण बीड सांधणारा, कानानं बेअरिंग ओळखणारा मिस्त्री साठीच्या पुढं गेला की त्याच्या शेजारी शिकायला कुणी उभं दिसत नाही. पार्ट संपला तर करून घेता येतो. करणारा संपला तर काय?

म्हणून तीन कामं सांगतो, ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांच्यासाठी. एक, तुटलेला पार्ट भंगारात टाकू नका. तोच तुमचा नकाशा आहे, त्यावरूनच दुसरा होणार. ऑइल लावून, चिंधीत गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवा. दोन, गाडीची एक वही करा. कुठल्या गाडीचं काय बसवलंय, बेअरिंगचे नंबर, सीलची मापं, सगळं लिहा. तुमच्यानंतर गाडी पोरगं चालवणार आहे, त्याला हे तोंडपाठ नसणार. तीन, पुढच्या वेळी गाडी खोलाल तेव्हा गावातला एखादा आयटीआयचा पोरगा मिस्त्रीजवळ दिवसभर बसवा. त्याचा रोज तुम्ही द्या. एका ऑइल सीलच्या खर्चात एक मिस्त्री तयार व्हायला सुरुवात होते, यापेक्षा स्वस्त पार्ट बाजारात मिळणार नाही.